शेजारच्या सीटखालचा ब्रेक

७ जानेवारी

मावशी,

नमस्कार, तब्येतीची चौकशी, घरातल्या मोठ्यांना सांगणे, हे सगळं लिहिलंय असं धरून चाल. माझ्याकडे पेन एकच आहे आणि राग पुष्कळ.

तुझा फोन लागत नाही. आठवडाभर लावतोय, आतली बाई म्हणते बंद आहे. म्हणून हे पत्र. कॉलेज सोडल्यापासून मी हातानं काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षरावरून टोमणे नकोत.

चष्मेवालीचं पत्र आलं. पत्र कसलं, चिठोरं. ती काम करते त्या चष्म्याच्या दुकानाच्या कोऱ्या पावतीमागे पाच-सहा ओळी. आपण इथंच थांबूया, हे खूप दिवस मनात होतं, फोन करू नकोस, कुणाकरवी निरोप पाठवू नकोस, काळजी घे. लगेच फोन लावला, तर माझा नंबरच अडवून ठेवलाय. काळजी घे म्हणे. भाजीवालीसुद्धा गिऱ्हाइकाला याहून मायेनं निरोप देते.

मी कॉलेज कुणासाठी सोडलं, तुला माहीत आहे. तुम्ही सगळे म्हणता डस्टरमुळे. सर तिला भर वर्गात म्हणाले, "इथं झोपा काढायला येता का?" मी डस्टर खिडकीबाहेर भिरकावला. खिडकी बंद होती, त्याला मी काय करू? माफी माग म्हणाले, तर मी पुस्तकं बाकावर ठेवून निघून आलो. आता इथं लिफ्टच्या कंपनीत उस्तादांच्या हाताखाली दिवसभर खड्ड्यात उतरून रुळांना ग्रीस लावतो. संध्याकाळी खोलीवर आलो की माझ्या उशीलाही ग्रीसचा वास येतो. दमलोय मावशी. पण मेकॅनिकचं कार्ड मिळालं की परत यायचं आणि लग्न करायचं, असं आमचं ठरलं होतं. त्यावर ढकलत होतो दिवस.

ती तुझ्याकडे गाडी शिकते. विचार ना तिला. स्टिअरिंग हातात असताना विचार, म्हणजे उठून जाता येणार नाही. मध्ये कोण आलंय तेवढं काढ. नाव कळलं तरी पुरे, पुढचं मी बघतो.

महिनाअखेर सुट्टी मागितली आहे. येतोच.

तुझा,
भडकू
(नाव तूच ठेवलंस, आता निस्तर)


१६ जानेवारी

भडकू,

अक्षर खरंच वाईट आहे.

आधी फोनचं. बिघडलाय. दुरुस्तीला टाकायचा कंटाळा. शिकणाऱ्यांचे निरोप खाली गॅरेजात मिस्त्री घेतो, माझं काही अडत नाही. तुझ्या आईलाही तेच कळवलंय. ती म्हणाली, बहिणीशी बोलायला आता मिस्त्रीची परवानगी काढू का? काढ म्हटलं.

आता तुझं. माझ्या गाडीत क्लच, ब्रेक आणि आरसे शिकवतात. कुणाच्या पोटातलं काढून देण्याचा वर्ग मी घेत नाही. "पुढचं मी बघतो" हे तुझं वाक्य वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. तू बघितलेलं पुढचं आम्ही एकदा बघितलंय. काच बसवायला तुझी आई स्वतः माणूस घेऊन कॉलेजात गेली होती आणि शिपायासमोर मान खाली घालून उभी राहिली होती. ते तू तुझ्या गोष्टीत कधी सांगत नाहीस.

मध्ये कुणी आलंय असं मला दिसत नाही. पोरगी सकाळी दुकान उघडायच्या आधी येते, शिकते, जाते. हात चांगला आहे तिचा. आधी आरसा बघते, मग वळते. तुझ्यासारखं आधी वळून मग जग कुठे आहे ते बघणं नाही. एखादा आठवडा मात्र तिचं बिनसतं. परवा सर्कलला मागून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, तर गाडी तिथंच बंद पाडून रडायला लागली. मी काही विचारलं नाही. पाणी दिलं, जागा बदलल्या, गाडी मी आणली. उतरताना म्हणाली, "मावशी, दोन-चार दिवसांत बरी होईन." बरं म्हटलं.

खरं सांगू, मीच दमलेय. गाडीनं छळ मांडलाय. पुलावर चढली की ब्रेक आपोआप धरतो. कुणीही चालवत असो. शिकणारा घाबरतो, मागचे शिव्या घालतात, माझं पित्त खवळतं. मिस्त्रीनं चाकं दोनदा उघडली, लायनर बदलले, ऑइल बदललं. म्हणतो, "मावशी, गाडी ठणठणीत आहे, तुम्हीच तिला नजर लावली असेल." आता पुलाकडे जाणंच सोडलंय, अलीकडच्या गल्ल्यांत फिरवते सगळ्यांना. त्यातले दोघं दुसरीकडे गेले. बरोबर आहे, पूल न ओलांडता गाडी शिकून करायचं काय?

गाडी विकून टाकावी असं रोज मनात येतं. वीस वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून मरणाची वाट बघितली, आता पुरे.

सुट्टी घेऊन येऊ नकोस. ती नको म्हणाली आहे, तर थोडं थांब.

मावशी


२२ जानेवारी

मावशी,

ब्रेक आपोआप धरत नसतो. लिफ्टचा धरतो, करंट गेला की स्प्रिंग त्याला आपण होऊन आवळते, उस्तादांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. पण गाडीला कुणाचा तरी पाय लागतो. पूल आला की तिचाच पाय जात असणार. त्या पुलाच्या कठड्याला टेकून आम्ही किती वेळ उभे राहायचो, तुला कल्पना नाही. आठवत असणार तिला. बाकीच्या शिकणाऱ्यांचं काय ते मला माहीत नाही, तुझ्याकडे सगळेच भित्रे येत असतील.

आणि सर्कलला ती रडली म्हणतेस. कुणासाठी रडली? ट्रकसाठी?

मी सांगतो ती मला सोडूच शकत नाही. एरवी ती तशी हिशेबी, हातचं राखून बोलणारी. पण कधी कधी एकदम फोन यायचा: कुठेयस, आत्ता ये, छाती धडधडतेय, काहीतरी वाईट होणार असं वाटतंय. मी वर्ग सोडून धावायचो. बसस्टॉपवर माझ्या शर्टाची बाही मुठीत धरून बसायची. बस यायची, जायची, मूठ सुटायची नाही. असंच एकदा म्हणाली, लग्न लवकर करूया, मला एकटं राहायला नको. मावशी, ते खोटं होतं का? मी डोळ्यांनी बघितलंय ते. माझ्याशिवाय तिचं कुणी नव्हतं त्या दिवसांत. अशी मुलगी पावतीमागे पाच ओळी खरडून मोकळी होते, याच्यामागे कुणीतरी असणारच.

सुट्टी नाही मिळाली. साहेबांशी वाजलं. उस्तादांनी मध्ये पडून मिटवलं आणि मला ग्रीसचा डबा देऊन सगळ्यात खोल खड्ड्यात पाठवलं, तिथं ओरड म्हणाले. सुट्टी मार्चपर्यंत नाही.

तू गाडी विकायची भाषा करू नकोस. तुझी गाडी गेली तर तिची माझी शेवटची ओळखही गेली.

कोण आहे तो, कळव.

भडकू


२५ फेब्रुवारी

भडकू,

त्यानंतर तुझी आणखी दोन पत्रं आली. एकालाही उत्तर दिलं नाही. देण्यासारखी नव्हते मी.

एक गोष्ट तू बरोबर लिहिलीस. गाडीला कुणाचा तरी पाय लागतो. तो पाय माझा होता.

शिकवणाऱ्याच्या सीटखाली दुसरा ब्रेक असतो, तू लहानपणी त्यावर नाचायचास. इतक्या वर्षांत माझा पाय गरजेशिवाय त्यावर गेला नाही. पण गेल्या वर्षापासून पूल आला की छातीत कुणीतरी मूठ आवळायचं. तळहात ओले, कानांत वारं, आणि आता आपण मरणार याची पक्की खात्री. पाय कधी जायचा मला खरंच कळायचं नाही. मला वाटायचं गाडी अडली. मिस्त्री बिचारा खाली आडवा पडून चाकं खोलत होता आणि मी वरून त्याला चहा पाठवत होते.

फोनही बिघडला नव्हता. वाजला की तसंच व्हायचं, म्हणून बंद करून भांड्यांच्या कपाटात ठेवला. तिथं काही आवाज आला तरी भांड्यांचा म्हणता येतो.

पकडलं चष्मेवालीनं. म्हणाली, "मावशी, मला लायसनची परीक्षा द्यायची आहे, आज पुलावरून नेणार का?" नाही म्हणायची लाज वाटली. चढावर गाडी अडली. मी नेहमीसारखी मिस्त्रीच्या नावानं बोटं मोडायला लागले. तिनं हॅण्डब्रेक ओढला, धोक्याचे दिवे लावले, खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "पाय काढा."

"कुठला पाय?"

"तुमचा. ब्रेकवरून."

बघते तर माझाच पाय, चप्पल निसटलेली, बोटं पांढरी पडलेली. काढता येईना. तिनं हातानं उचलून बाजूला ठेवला, एखादी पिशवी ठेवावी तसा. मग पूल उतरून गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, "मलाही होतं. पाळी यायच्या आधीच्या दिवसांत. तेव्हा हॉर्नसुद्धा माझ्या नावानं वाजतो. पाळी आली की दोन दिवसांत जग पुन्हा जागच्या जागी." मी म्हटलं, माझी तर आता येते कधी, जाते कधी, तिचं तिलाच माहीत. ती म्हणाली, "मग तेच असेल. चला माझ्या डॉक्टरांकडे." आईनं मुलीला न्यावं तसं मला घेऊन गेली. मुलगी आईला, असं म्हणायला हवं, पण वाटलं ते लिहिलं.

डॉक्टरीण माझ्याच वयाची निघाली. टेबलावर छोटा पंखा, तोंड तिच्याकडे. हृदयाची पट्टी काढली, थायरॉइड बघितलं, दोन्ही धड. मग समजावलं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांचा मेंदूतल्या भीतीच्या कारभाराशी संबंध असतो. पाळी जायच्या वयात त्यांची पातळी सरळ रेषेत उतरत नाही, वर-खाली हिसके देते. कुणाला त्याचं काही वाटत नाही, कुणाची झोप जाते, कुणाला असे झटके येतात. पोरीच्या वयात तेच महिन्याच्या ठरावीक दिवसांत होऊ शकतं. मी विचारलं, म्हणजे माझ्या डोक्यात बिघाड नाही, हार्मोनमुळेच सगळं? ती म्हणाली, "सगळं नाही. झोप, दगदग, मूळचा स्वभाव, आयुष्यात काय चाललंय, तेही धरा. हार्मोन भीतीचा आवाज मोठा करतात. आवाज खोट्या भीतीचाही मोठा होतो, खऱ्या भीतीचाही."

गोळ्या चालू आहेत. शिवाय आठवड्यातून एकदा एका बाईंकडे बसून बोलायचं असतं. त्यांनी मला पुलाच्या पायथ्याशी नुसतं उभं राहायला सांगितलंय. उभी राहते. ओळखीचे लोक विचारतात, कुणाची वाट बघताय? पुलाची म्हणते.

पोरीचं तुला सांगायला नको होतं, तिनं ते गाडीत सांगितलं होतं. पण प्रत्येक पत्रात तू "कोण आहे तो" विचारतोस, म्हणून सांगितलं. कुणी नाही रे. हे तुझ्याजवळच ठेव. ऐकतोयस ना?

मावशी


३ मार्च

मावशी,

तुझं वाचून वाईट वाटलं. पुलापाशी एकटी उभी राहू नकोस, मिस्त्रीला घेऊन जा. आणि त्याला खरं काय ते सांग एकदाचं, त्याची झोप उडाली असेल.

पण तुझ्या पत्रानं माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी किती दिवस नीट जेवलेलो नाही, तुला माहीत नाही. कोण आहे तो, कोण आहे तो, याच्यावर डोकं आपटत होतो, आणि कुणी नव्हताच. तो प्रोजेस्टेरॉन होता.

मी चौकशी केली. आमच्या गल्लीतला औषधवाला शिकलेला आहे, तोही म्हणाला, होतं असं बऱ्याच जणींचं, त्या दिवसांत काहीही बोलतात, मग पस्तावतात. सगळं जुळतं मावशी. ते चिठोरं तिनं तसल्याच दिवसांत लिहिलं असणार. मग पस्तावली असेल, पण मानी आहे, सांगणार कशी? म्हणून मीच पाऊल उचललं. काल तिला दुकानाच्या पत्त्यावर पत्र टाकलं. रागावलो नाही, एक शब्द वावगा नाही. लिहिलं, मला सगळं कळलं आहे, ते तू नव्हतीस, तुझे हार्मोन होते, मी मनावर घेतलेलं नाही, तुझे ते दिवस संपले की नीट विचार कर. वाचून तीही सुटकेचा श्वास सोडेल.

सुट्टी मंजूर झाली. महिनाअखेर येतो. बसचं तिकीट काढलंय.

भडकू


१२ मार्च

भडकू,

तुझ्याजवळच ठेव म्हटलं होतं.

ती सकाळी आली. तुझं पत्र डॅशबोर्डवर ठेवलं, पट्टा बांधला, गाडी चालू केली. गल्लीतून निघाली, सर्कल घेतलं, पूल चढली, उतरली, पलीकडून वळसा घालून परत आली. इतकी सुंदर गाडी माझ्या कुठल्या शिकाऊनं चालवलेली नाही. माझा पाय जागेवर होता, पण तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं नाही. गॅरेजापाशी थांबली आणि म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ना त्याला?"

हो म्हटलं.

"मी तुमचा पाय उचलला तेव्हा कुणाला सांगितलं होतं का?"

नाही म्हटलं. ती उतरून गेली. परत आली नाही. मिस्त्री म्हणतो, शिकायला कधी येणार याचा निरोपही नाही. तिची परीक्षा तोंडावर आहे आणि या भागात शिकवणारं दुसरं कुणी धड नाही. हे मी केलं. तुझ्या तोंडाला कुलूप नाही हे मला तू बोलायला लागलास तेव्हापासून माहीत आहे.

आता तुझं ऐक. मला त्या डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं, त्यानं मी सुटले. मी वेडी नाही, माझ्या अंगात काहीतरी चाललंय आणि त्याला इलाज आहे. तेच तू उचललंस आणि पोरीच्या तोंडावर मारलंस, की बाई, तुझं बोलणं तुझं नव्हेच. गोळी तीच, कुणी गिळायला देतं, कुणी फेकून मारतं. पटलं तर ती शहाणी, नाही म्हणाली तर हार्मोन, असा हा न्याय. तुझ्या अंगात काय सगळं पाणी आहे? डस्टर कुणी फेकला होता? साहेबांच्या अंगावर कोण धावून गेलं? तिथं कधी कुणी टेस्टोस्टेरॉनचं नाव काढलं नाही. तुझा स्वभावच तसा, असं म्हणून सगळे जेवायला बसलो. आम्हा बायकांना मात्र स्वभाव नसतोच वाटतं.

ती तुला स्वतः लिहिणार आहे असं मिस्त्रीकरवी कळलं. तुझा पत्ता घेऊन गेली. खड्ड्यात उतरायच्या आधी वाचू नकोस. बसून वाच.

तिकिटाचं काय ते पत्र वाचल्यावर ठरव. मी ये म्हणत नाही आणि नको म्हणत नाही. दमलेय मी तुला सांगून.

मावशी


१५ मार्च

हे शेवटचं लिहिते आहे. उत्तर पाठवू नकोस.

ती चिठ्ठी मी कुठल्या दिवसांत लिहिली होती, हे तू विचारलं नाहीस, मीच सांगते. चांगल्या. मुद्दाम थांबले होते. तो आठवडा गेला, झोप लागली, भूक लागली, आरशात बघून स्वतःची चीड आली नाही, तेव्हा दुकानातली पावती घेतली आणि लिहिलं. हे पत्रही तशाच दिवसांत लिहिते आहे. तुला शंका नको म्हणून सांगितलं, नाहीतर याचा हिशेब मी कुणाला द्यायची गरज नाही.

तुला वाटतं, त्या दिवसांत मी तुला तोडते. उलटं आहे. त्या दिवसांत मला तुला सोडवतच नव्हतं. त्या दिवसांत मला रस्ता ओलांडायची भीती वाटते, आईला घरी यायला उशीर झाला तर ती गेलीच असं वाटतं, दुकानात कुणी मोठ्यानं बोललं तर हातातली काच निसटते. तेव्हा मी जे जवळ असेल ते धरते. तू जवळ असायचास. तू धावत यायचास, ते मी विसरले नाही, त्याबद्दल तुझे आभार आहेत. पण मी तुझी बाही धरली होती ती पडू नये म्हणून. लग्न लवकर करूया म्हणाले तेही तशाच एका दुपारी. चार दिवसांनी डोकं निवळलं की मला आठवायचं मी काय बोलले, आणि ते परत घ्यावंसं वाटायचं. तोवर तू मित्रांना सांगून मोकळा झालेला असायचास.

तेव्हा हार्मोनचं खातं काढायचंच असेल तर माझे "हो" त्यात घाल. "नाही" माझं आहे.

का, तेही सांगते, म्हणजे पुन्हा कुणाचं नाव शोधत बसणार नाहीस. ती काच तू माझ्यासाठी फोडलीस असं सगळ्यांना सांगतोस. सरांनी मला झोपाळू म्हटलं, त्याचं मला संध्याकाळपर्यंतच वाईट वाटलं. काच फुटली तेव्हा तुकडे माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीच्या केसांत पडले होते. तू वळून बघितलं नाहीस. तू माझ्याकडे बघत होतास, मी खूश झाले का ते बघायला. त्या दिवशी माझे चांगले दिवस होते, आणि मला तुझी भीती वाटली. ती भीती कुठल्याही गोळीनं गेली नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ही जायला नको, ही तुमच्या कामाची आहे.

तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. मला तुझ्याबरोबर राहायचं नाही, एवढंच.

तू येणार असशील तर मी तितके दिवस दुकानात नसेन आणि मावशींकडेही जाणार नाही.


२ एप्रिल

मावशी,

बसून वाचलं. मग उभं राहून वाचलं. मग उस्तादांनी विचारलं कुणी गेलं का, तर नाही म्हटलं.

पहिले दोन दिवस काय केलं ते तुला सांगत नाही, तू कल्पना करशील त्याच्या निम्मंच केलं. खोलीतली बादली चेपली आहे. ज्याची होती त्याला नवीन आणून दिली. त्यानं विचारलं, कशानं चेपली? मी म्हटलं, स्वभावानं.

मी येणारच होतो. पिशवी भरली होती. तिच्यासमोर उभं राहून फक्त एकदा म्हणायचं होतं की ते दिवस माझ्यासाठी खोटे नव्हते. मग निघायच्या आदल्या दुपारी एका इमारतीत लिफ्ट अडली. दोन मजल्यांच्या मध्ये, आत एक बाई. उस्ताद वर मोटरच्या खोलीत गेले आणि मला दाराशी बसवलं. काम एकच, बोलत राहायचं, आतल्याला एकटं वाटू द्यायचं नाही. मी फटीला तोंड लावून बोलत होतो. ती बाई माझ्याशी काय बोलत होती म्हणून सांगू. दादा, जाऊ नका. दादा, तुम्ही आहात ना. मुलांची नावं सांगितली, नवऱ्याशी सकाळी भांडण झालं ते सांगितलं, तुम्ही होतात म्हणून मी जिवंत आहे म्हणाली. फटीतून दोन बोटं बाहेर काढली होती, ती मी धरून ठेवली. बोटं बर्फासारखी गार. मावशी, त्या वेळी जगात तिला माझ्याइतकं जवळचं कुणी नव्हतं, आणि तिनं माझं तोंडही बघितलेलं नव्हतं.

उस्तादांनी वरून हातानं चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणली. दार उघडलं. बाई बाहेर आली, साडी सारखी केली, पर्स बघितली आणि जिन्यानं निघून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला राग आला. म्हटलं, बघा उस्ताद, आत्ता भाऊ म्हणत होती. ते घाम पुसत म्हणाले, "मग काय तुला घरी घेऊन जाईल? ती सुटली, आपलं झालं." आणि हत्यारं गोळा करायला लागले.

मी तिथंच पायरीवर बसून राहिलो. उस्तादांना वाटलं मला चक्कर आली.

तिकीट रद्द केलंय. तिला पत्र लिहिलं होतं, मोठं होतं, टाकलं नाही. छाती अजून धडधडते, सकाळी जास्त. मीही इथल्या दवाखान्यात दाखवून येईन म्हणतो, उस्ताद येतात बरोबर. हसू नकोस.

तू मिस्त्रीकरवी तिला एवढंच कळव की मी येत नाहीये. या सुट्टीत नाही आणि तिची परीक्षा होईपर्यंत तर नाहीच. कसा आहे, काय म्हणतो, काही सांगू नकोस. तिनं विचारलं तरी नको, आणि ती विचारणार नाही. मी येत नाही हे कळलं तर ती शिकायला परत येईल. आली तर तिला पुलावरून ने.

भडकू